मंगळवारी, कल्ले उघडून

मंगळवारी समुद्राला सुट्टी असते आमच्याकडे, अक्रात.
होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळी पसरलेली,
मासे धुरावायची आईची मातीची भट्टी थंड.
म्हणून माझ्यासाठी वस्ताद शोधायला
ती मंगळवारीच निघाली.
मी अकरा वर्षांचा, पुढच्या दातांत फट,
गल्लीतल्या सगळ्यांना मारलेला
आणि सगळ्यांचा मार खाल्लेला.

बुकोममध्ये दगड भिरकावला
तर तो बॉक्सरला लागतो, नाहीतर त्याच्या वस्तादाला.
निवडायचा कसा?
बांगडा निवडतात तसा, आई म्हणाली.
वरची चकाकी बघायची नाही. कल्ले उघडायचे.

बोर्तेईच्या जिममध्ये भिंत दिसतच नव्हती.
पट्टे, फोटो, लंडनचं पोस्टर,
कुठल्याशा मंत्र्याच्या हातात त्याचा हात.
त्यानं माझे दंड चाचपले, जबडा दाबून पाहिला,
म्हणाला, दोन वर्षांत सोनं करतो पोराचं.
आई फोटोंपुढून सरकत राहिली.
हा कुठं असतो आता? आणि हा?
तिसऱ्या पोरापाशी बोर्तेईला फोन आला.
वाजलेला मी तरी ऐकला नाही.

मग फोटोतल्या त्या पोरांना शोधत हिंडलो.
एक लॉटरीच्या टपरीवर सुट्टे मोजत होता,
पुन्हा मोजत होता, पुन्हा.
दुसऱ्याच्या शर्टाची बटणं बायको लावत होती.
त्याच्यापाशी आई बसली बराच वेळ,
केंके आणि मिरचीची चटणी घेऊन, घाई नसल्यासारखी.
त्यानं तिला तीनदा विचारलं,
तू कोणाची गं?
चुलतभाऊ होता तो तिचा.

परतताना ती बोलली नाही.
माझ्या डोक्यावर हात ठेवून चालली फक्त,
टोपलीवर ठेवतात तसा.

ओकांतेचं जिम म्हणजे बर्फाच्या कारखान्यामागचं आवार.
दोरांच्या जागी जाळ्याचे जुने दोरखंड,
पोत्यात वाळू आणि चिंध्या.
त्यानं आमच्याकडं पाहिलंच नाही.
एका मुलीच्या हाताला पट्टी गुंडाळत होता,
बोटाबोटातून, सावकाश,
आणि तिला विचारत होता,
काल डोकं दुखत होतं, ते थांबलं का?

हे ऐकून आई स्टुलावर टेकली.
टॉवेल किती वेळा टाकलास, तिनं विचारलं.
त्यानं पट्टीची गाठ पुरी केली.
चौदा वेळा.
त्यातले नऊ जण मला बघून रस्ता ओलांडतात.
मग बादलीत हात बुडवून, पाण्याकडं बघत,
पंधराव्यांदा टाकायला हवा होता.

पुढं कोणीच काही बोललं नाही.
आईनं कागदात बांधलेली मासळी त्याच्यापुढं ठेवली.
आजची? त्यानं विचारलं.
परवाची, आई म्हणाली.
तो पहिल्यांदाच हसला.

आठ महिने मला ग्लव्ह्ज मिळाले नाहीत.
खडूच्या रेघांवरून खेकड्यासारखा सरकायचो,
बोर्तेईची पोरं कुंपणावरून खिदळायची.
आधी पाय, ओकांते म्हणायचा,
हात आधी शिकला की उर्मट होतो.

तेविसाव्या वर्षी, सातव्या फेरीत,
मी गुणांत पुढं असताना
माझ्या पायांशी ओला टॉवेल पडला.
फडकन्. टोपलीतून निसटलेल्या मासळीसारखा.
लोकांनी शिट्या मारल्या, बाटल्या फेकल्या.
आई टाळ्या वाजवत होती, एकटीच.

दोन वर्षं मीही रस्ता ओलांडून जायचो.
मग एका पावसाळ्यात गटारं भरली,
ओलांडायला रस्ताच उरला नाही,
समोरासमोर आलो.
डोकं दुखतं का कधी, त्यानं विचारलं.

मला अजून वाटतं, ती फेरी मी काढली असती.
आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो,
मोबाइलचा तिळाएवढा स्क्रू
चिमट्यात धरून, त्याच्या भोकावर नेऊन.
एका फेरीसाठी, सांगतो.
तो बसतो पहिल्याच खेपेला.